मंदीत सरकारी पैसा कुणाच्या दारात पोचतो? हॅरी हॉपकिन्स यांच्या आयुष्याचा जमाखर्च

निधी मंजूर होतो, आकडे छापून येतात, आणि ज्या भागाला सगळ्यात जास्त गरज असते तिथे मात्र पैसा उशिरा तरी पोचतो किंवा कमी तरी. ही तक्रार कुठल्याही राज्यात, कुठल्याही जिल्ह्यात ऐकायला मिळते. मंदी असो की दुष्काळ, सरकारने तिजोरी उघडली म्हणून पैसा आपोआप गरजवंताकडे वाहत जात नाही. त्याला पाट काढून द्यावा लागतो.

नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत हे पाट काढण्याचं काम एका हडकुळ्या, सतत सिगारेट ओढणाऱ्या माणसाकडे आलं. त्यांचं नाव हॅरी हॉपकिन्स. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे ते उजवे हात. दुसऱ्या महायुद्धात चर्चिल आणि स्टालिन यांच्याशी बोलणी करणारा दूत म्हणून त्यांचं नाव जगभर झालं. पण त्याआधी जवळपास साडेपाच वर्षं ते देशातल्या बेकारांना काम आणि मदत देणाऱ्या खात्याचे प्रमुख होते. मंदीत सरकारने खर्च करावा की नाही, आणि केला तर तो सगळ्यात जास्त मार बसलेल्या भागाला खरंच उपयोगी पडतो का, या प्रश्नाचा पहिला मोठा अनुभव त्यांच्याच कारकिर्दीतून मिळाला.

साज-खोगिराच्या दुकानदाराचा मुलगा

हॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजी आयोवा राज्यातल्या सू सिटी इथे झाला. पाच भावंडांत हा चौथा. वडिलांनी आयुष्यात बरेच धंदे करून पाहिले. शेवटी ग्रिनेल नावाच्या छोट्या गावात घोड्यांचा साज आणि खोगीर विकण्याचं दुकान चालवलं. घरची परिस्थिती बेताचीच. आई मेथडिस्ट पंथाची, कडक शिस्तीची आणि धार्मिक. दुसऱ्यासाठी काहीतरी करायला हवं हा संस्कार आईचा, आणि माणसांत मिसळायची, चार गमती करायची सवय वडिलांची.

गावातल्याच ग्रिनेल कॉलेजातून हॅरी १९१२ मध्ये पदवीधर झाला आणि लगेच न्यूयॉर्कला गेला. शहराच्या लोअर ईस्ट साइड भागात युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांच्या दाटीवाटीच्या चाळी होत्या. तिथल्या ख्रिस्तोडोरा हाऊस या सेवाकेंद्रात त्याला काम मिळालं. एका खोलीत दहा माणसं, कोंदट जिने, क्षयाने खोकणारी मुलं हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते १९१३ साली, म्हणजे याच काळात आणि याच शहरात.

पुढची वीस वर्षं हॉपकिन्स यांनी समाजकार्यातच काढली. १९१५ मध्ये न्यूयॉर्क शहराने निराधार आयांना पेन्शन देण्यासाठी बालकल्याण मंडळ नेमलं, त्याचे ते सचिव झाले. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसच्या कामासाठी ते दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सला गेले. तिथे त्यांनी अमेरिकेची दुसरी बाजू पाहिली. कापसाची शेती, वाटेकरी कुळं, गोऱ्या मालकांचा वचक आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं दारिद्र्य. १९२४ पासून न्यूयॉर्कच्या क्षयरोग निवारण संस्थेचं काम त्यांनी पाहिलं. म्हणजे सरकारी खुर्चीत बसण्याआधीच त्यांना मदतीच्या कामातल्या खाचाखोचा नीट कळलेल्या होत्या. अर्ज कसा अडतो, कुणाचं नाव यादीतून गळतं, कोण लाजेने मागायलाच येत नाही, हे सगळं.

मंदी आली तेव्हा

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि त्यानंतरच्या तीन-साडेतीन वर्षांत देश बसत गेला. हजारो बँका बुडाल्या. १९३३ उजाडेपर्यंत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांत एक बेकार होता. गरिबांना मदत करायची ती गावाने, चर्चने किंवा धर्मादाय संस्थेने, अशी तिथली जुनी रीत. पण गावच बुडालं तर गाव कुणाला मदत करणार? घरपट्टी येत नाही म्हणून नगरपालिकांकडे शिक्षकांचे पगार द्यायलाही पैसे नव्हते. ज्या भागात मंदीचा मार सगळ्यात जास्त, त्याच भागाची तिजोरी सगळ्यात आधी रिकामी झाली.

रूझवेल्ट तेव्हा न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते. त्यांनी १९३१ मध्ये बेकारांच्या मदतीसाठी राज्याची तात्पुरती यंत्रणा उभी केली आणि सुरुवातीला २ कोटी डॉलर दिले. असं करणारं न्यूयॉर्क हे पहिलंच राज्य. या यंत्रणेचे कार्यकारी संचालक म्हणून हॉपकिन्स आले आणि पुढच्या वर्षी तिचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये रूझवेल्ट देशाचे अध्यक्ष झाले, आणि मे महिन्यात त्यांनी हॉपकिन्स यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतलं.

पहिल्या दोन तासांत ५० लाख डॉलर

केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशासनाकडे ५० कोटी डॉलर होते. नव्या साहेबांनी आधी कार्यालय लावलं नाही. सामान अजून व्हरांड्यातच असताना त्यांनी तारा पाठवायला सुरुवात केली आणि दोन तासांत मिसिसिपी, टेक्सास, इलिनॉयसह काही राज्यांना मिळून ५० लाख डॉलर मंजूर केले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी टीका केली की या वेगाने तिजोरी लगेच रिकामी होईल. हॉपकिन्स यांनी फारसं मनावर घेतलं नाही. कालांतराने सगळं सुरळीत होईल, हे अर्थशास्त्र्यांचं म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. माणसाला भूक रोज लागते, एवढाच त्यांचा हिशेब.

पण या ५० कोटींत एक मेख होती. कायद्याने त्यातली अर्धी रक्कम जुळणी पद्धतीने द्यायची होती. राज्यात ३ डॉलर खर्च झाले तर केंद्राचा १ डॉलर. ऐकायला नियम रास्त वाटतो. प्रत्यक्षात काय होतं, तर ज्या राज्याकडे पैसा आहे त्याला केंद्राकडून आणखी मिळतो, आणि ज्याच्याकडे नाही ते बघत बसतं. उरलेली अर्धी रक्कम गरज पाहून द्यायची मुभा हॉपकिन्स यांना होती. ही मुभा त्यांनी पुरेपूर वापरली. दक्षिणेतल्या काही राज्यांत मदतीचा जवळजवळ सगळा भार केंद्राने उचलला.

देशात नेमकं काय चाललंय हे कळावं म्हणून त्यांनी लोरेना हिकॉक या अनुभवी महिला पत्रकाराला गावोगाव पाठवलं. आकडे नकोत, डोळ्यांनी पाहिलेलं कळवा, असं काम. वेस्ट व्हर्जिनियातल्या स्कॉट्स रन या कोळसा खाणींच्या खोऱ्यातून तिने कळवलेली परिस्थिती भयंकर होती. खाणी बंद, प्यायला गटारासारखं पाणी, मुलं उघडी. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट स्वतः तिथे गेल्या, आणि त्यातून विस्थापित खाणकामगारांसाठी आर्थरडेल ही वसाहत उभी राहिली.

खिरापत नको, काम

फुकट पैसे वाटणं हॉपकिन्स यांना मनापासून आवडत नव्हतं. खिरापत घेणारा माणूस आतून खचतो, काम करून घेतलेल्या पैशाने ताठ राहतो, हा त्यांचा अनुभव. आपल्याकडच्या दुष्काळी कामांमागेही हाच विचार आहे.

त्यांच्या वाटेत आणखी एक खातं होतं. अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरॉल्ड इकीज यांच्याकडे मोठी धरणं, पूल, इमारती बांधायचं काम होतं. इकीज अत्यंत प्रामाणिक आणि तितकेच चिकित्सक. प्रत्येक नकाशा, प्रत्येक कंत्राट तपासल्याशिवाय सही करायचे नाहीत. काम भक्कम व्हायचं, पण बेकाराच्या हातात मजुरी पडायला महिने लागायचे. १९३३ चा हिवाळा तोंडावर आला तेव्हा रूझवेल्ट यांनी इकीज यांच्या निधीतले ४० कोटी डॉलर हॉपकिन्स यांच्याकडे वळवले. नोव्हेंबरात नवं खातं सुरू झालं आणि जानेवारी १९३४ पर्यंत ४० लाखांहून अधिक लोक कामावर होते. रस्ते, शाळांची डागडुजी, गटारं, विमानांच्या धावपट्ट्या, जे लगेच सुरू करता येईल ते काम.

दक्षिणेतल्या मोठ्या शेतमालकांनी मात्र ओरड सुरू केली. सरकारी मजुरी शेतमजुरीपेक्षा कितीतरी जास्त होती. सरकार एवढं देत असेल तर आमच्या शेतात कोण येणार, हा त्यांचा सवाल. खर्चही वाढत चालला होता. रूझवेल्ट यांनी मार्च १९३४ अखेर हे खातं बंद केलं.

वर्षभराने, १९३५ मध्ये, काँग्रेसने मदत आणि कामांसाठी ४८८ कोटी डॉलर मंजूर केले. एवढी मोठी रक्कम शांततेच्या काळात आधी कधी मंजूर झाली नव्हती. मे महिन्यात वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजेच डब्ल्यूपीए, सुरू झालं आणि त्याचे प्रमुख झाले हॉपकिन्स. १९४३ मध्ये बंद होईपर्यंत डब्ल्यूपीएने एकूण सुमारे ८५ लाख लोकांना कधी ना कधी काम दिलं. साडेसहा लाख मैल रस्ते बांधले किंवा दुरुस्त केले, सव्वा लाख सार्वजनिक इमारती, ७५ हजारांवर पूल. लेखक, चित्रकार, नट, वादक यांनाही काम मिळालं. कलाकारालाही पोट असतंच, हे हॉपकिन्स यांचं साधं समर्थन. विरोधकांनी मात्र डब्ल्यूपीए म्हणजे फावड्याला टेकून उभं राहायचे पैसे, अशी टिंगल वर्षानुवर्षं केली.

सगळ्यात गरीब भाग मागेच

आता मुद्द्याचा हिशेब. पैसा कुठे गेला?

मंदीनंतर कित्येक वर्षांनी, १९६९ मध्ये, इतिहासकार लिओनार्ड ॲरिंग्टन यांनी १९३३ ते १९३९ या काळातल्या केंद्रीय खर्चाचे राज्यवार आकडे तपासले. माणशी सगळ्यात जास्त पैसा मिळाला होता पश्चिमेकडच्या नेवाडा, मोंटाना, वायोमिंग यांसारख्या राज्यांना. आणि माणशी सगळ्यात कमी मिळालेल्यांत होती दक्षिणेतली राज्यं, जी देशातली सगळ्यात गरीब.

असं का झालं याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. पश्चिमेत सरकारी जमीन अफाट आणि वस्ती विरळ, त्यामुळे धरण-रस्त्यांचा खर्च माणशी मोठा दिसतो. मंदीत उत्पन्न सगळ्यात जास्त घसरलं त्यांत पश्चिमेतली काही राज्यंही होती. दक्षिण आधीपासूनच तळाला होती, तिला पडायला फारशी जागाच नव्हती. मंदीने पाडलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या पडलेला यांत फरक असतो, आणि मदतीचे नियम पहिल्याला ओळखतात, दुसऱ्याला नाही. कागदोपत्री बेकार कोण? ज्याची नोकरी गेली तो. वाटेकरी कुळाकडे नोकरी नव्हतीच, मग ती जाणार कुठून?

राजकारणही होतंच. अर्थतज्ज्ञ गॅव्हिन राइट यांनी १९७४ मध्ये दाखवलं की निवडणुकीत इकडे-तिकडे झुकू शकणाऱ्या राज्यांकडे पैसा जास्त गेला. दक्षिण रूझवेल्ट यांच्या पक्षाची पक्की होती. ज्याचं मत ठरलेलं, त्याला कोण विचारतो?

तिसरं कारण यंत्रणेचं. डब्ल्यूपीएच्या कामासाठी स्थानिक नगरपालिका किंवा काउंटी पुढे यावी लागे. तिने आराखडा द्यायचा, साहित्याचा काही खर्च उचलायचा. १९३९ च्या कायद्याने तर प्रत्येक राज्यात या प्रायोजकांचा वाटा २५ टक्के करून टाकला. न्यूयॉर्कसारख्या शहराकडे अभियंते तयार, नकाशे तयार, महापौर ला गार्डिया वॉशिंग्टनला सतत चकरा मारणारे. तिथे विमानतळ उभा राहिला. डोंगरातल्या एखाद्या काउंटीकडे ना अभियंता, ना वाट्याचा पैसा.

मजुरीतही फरक होता. १९३५ मध्ये अकुशल कामगाराला उत्तरेच्या मोठ्या शहरात महिन्याला ५५ डॉलर, तर दक्षिणेच्या खेड्यात १९ डॉलर. कृष्णवर्णीयांशी भेदभाव करू नये असा आदेश वरून निघाला होता, पण यादी करणारे स्थानिक अधिकारी तेच जुने. कापूस वेचणीचा हंगाम आला की कित्येक ठिकाणी मदत बंद करून माणसं शेतावर पाठवली जात.

हॉपकिन्स यांना हे दिसत नव्हतं असं नाही. जॉर्जियाचे गव्हर्नर यूजीन टालमाज मदतीच्या मजुरीविरुद्ध बोलत राहिले, तेव्हा त्यांनी तिथली यंत्रणा गव्हर्नरच्या हातातून काढून केंद्राकडे घेतली. ओहायोतही मार्च १९३५ मध्ये हेच केलं, तेव्हा तिथले गव्हर्नर मार्टिन डेव्ही यांनी चक्क हॉपकिन्स यांच्या अटकेचं वॉरंट काढलं. पण प्रत्येक राज्यात असं करणं शक्य नव्हतं. कायदे काँग्रेस करत होती, आणि तिथल्या महत्त्वाच्या समित्यांवर दक्षिणेतले ज्येष्ठ सदस्य बसलेले होते.

हात आखडला आणि मंदी परतली

१९३७ पर्यंत परिस्थिती बरीच सावरली होती. आता अंदाजपत्रक जुळवू, या विचाराने रूझवेल्ट यांनी खर्चाला कात्री लावली. डब्ल्यूपीएवरची माणसं कमी केली. त्याच सुमारास बँकांवरचे निर्बंधही कडक झाले आणि पगारातून सामाजिक सुरक्षेचा कर कापला जाऊ लागला. त्या शरद ऋतूत कारखाने पुन्हा थंडावले. बेकारी १४ टक्क्यांच्या आसपास आली होती, ती १९३८ मध्ये १९ टक्क्यांवर गेली.

हॉपकिन्स यांच्यासाठी ते वर्ष घरीही वाईट होतं. ऑक्टोबरात त्यांची दुसरी पत्नी बार्बरा कर्करोगाने गेली. डिसेंबरात त्यांनाच पोटाचा कर्करोग निघाला आणि मेयो क्लिनिकमध्ये जठराचा मोठा भाग काढावा लागला. जेमतेम उठून बसू लागल्यावर १९३८ च्या वसंतात ते रूझवेल्ट यांना जाऊन भेटले आणि खर्च पुन्हा वाढवायला हवा हे त्यांच्या गळी उतरवलं. एप्रिलमध्ये अध्यक्षांनी ३ अब्ज डॉलरहून मोठा नवा कार्यक्रम मांडला. नोव्हेंबरात डब्ल्यूपीएवर ३३ लाख लोक होते, आजवरचे सर्वाधिक.

त्याच वर्षी केंटकी राज्यातल्या सिनेट निवडणुकीत डब्ल्यूपीएच्या माणसांना मतांसाठी वापरल्याचं उघड झालं. त्यातून १९३९ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना राजकीय प्रचारापासून दूर ठेवणारा हॅच कायदा आला. हॉपकिन्स यांच्या नावाला हा डाग लागला तो लागलाच. अध्यक्षपदाची उमेदवारी मिळावी अशी त्यांची मनातली इच्छा होती, तीही आजारपण आणि ही बदनामी यांत विरली. डिसेंबर १९३८ मध्ये ते वाणिज्य मंत्री झाले आणि बेकारांचं खातं त्यांच्याकडून सुटलं.

ताळेबंद

मग या सगळ्या खर्चाचा उपयोग झाला का? प्राइस फिशबॅक आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या ३ हजारांहून अधिक काउंटींचे आकडे तपासले. जिथे मदत आणि कामांवर जास्त पैसा गेला तिथे दुकानांतली विक्री वाढली, म्हणजे लोकांच्या हातात पैसा खेळला. मदतीचा खर्च जिथे जास्त, तिथे बालमृत्यूही कमी झाले. खाजगी नोकऱ्या त्यामुळे वाढल्या का, याचं उत्तर मात्र तितकं स्पष्ट नाही. शेतमालकांना पेरा कमी करण्यासाठी जे अनुदान दिलं, त्याने तर वाटेकरी कुळांनाच जमिनीवरून हुसकावलं. तो कार्यक्रम हॉपकिन्स यांचा नव्हता, पण त्याचे बळी त्यांच्याच दारात मदतीला आले.

थोडक्यात, पैसा पोचला तिथे उपयोग झाला. अडलं ते पोचण्यात.

आपल्याकडे महाराष्ट्रात या प्रश्नावर एक वेगळं उत्तर शोधलं गेलं. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले वि. स. पागे यांनी विसापूर गावात १९६५ मध्ये प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पागे यांच्या योजनेत वरून वाटप ठरवायचं नव्हतं. काम मागणाऱ्याला काम द्यायचं. मागणी जिथे जास्त, पैसा तिथे जास्त, गावाचा वाटा वगैरे काही नाही. तिथेही आराखडा तयार नसला, अभियंता नसला की काम अडतंच. पण काम मागणं हा हक्क झाला. हॉपकिन्स यांच्या मजुराकडे असा हक्क नव्हता. काँग्रेसने त्या वर्षी पैसे दिले तर काम, नाही तर घरी.

शेवटची वर्षं

१९४० मध्ये युरोपात युद्ध पेटलेलं असताना हॉपकिन्स व्हाइट हाऊसमध्येच राहायला गेले. जानेवारी १९४१ मध्ये बाँबहल्ल्यांत होरपळणाऱ्या लंडनला, जुलैत मॉस्कोला, असे ते रूझवेल्ट यांचा शब्द घेऊन फिरले. मित्रदेशांना युद्धसाहित्य पुरवण्याच्या योजनेची सूत्रं त्यांच्याकडे होती. पोटात अन्न धड टिकत नसे, तरी विमानप्रवास सुरूच. ज्या दक्षिणेला मंदीत सगळ्यात कमी मिळालं, तिथेच युद्धकाळात लष्करी छावण्या, जहाजबांधणीचे कारखाने उभे राहिले आणि बेकारी संपली. ती संपायला युद्ध लागलं, हे डब्ल्यूपीएच्या हिशेबातलं न मिटलेलं येणं.

२९ जानेवारी १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी हॅरी हॉपकिन्स यांचं निधन झालं. अब्जावधी डॉलर त्यांच्या सहीने गेले, स्वतःसाठी मात्र त्यांनी फारसं साठवलं नाही. त्यांच्या माणसांनी बांधलेल्या शाळा आणि पूल अमेरिकेत आजही ठिकठिकाणी आहेत. शहरांत जास्त, आणि ज्या डोंगराळ व कापसाच्या काउंटींना सगळ्यात गरज होती तिथे कमी.